चोवीस वाटे आणि एक विहीर

बायबल रोज वाचणारी माझी ख्रिस्ती स्नेहीमंडळीसुद्धा काही पानं न वाचताच उलटतात. जुन्या करारातल्या 'यहोशवा' या पुस्तकाची मधली पानं त्यांपैकी. तिथं कथा नाही, उपदेश नाही, प्रार्थना नाही. अमुक वंशाच्या वाट्याला अमुक प्रदेश आला, त्याची हद्द खाऱ्या समुद्राच्या टोकापासून निघते, अमुक चढावावरून अमुक झऱ्याकडं जाते, तिथून वळून दरीत उतरते आणि मग गावांची नावं, एकामागून एक, नुसती नावं. प्रवचनाला ही पानं कुणी घेत नाही. मला मात्र या ग्रंथात सगळ्यांत आधी ओळखीची वाटली ती हीच पानं. कारण साधं आहे. मी तलाठी होतो.

आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. माझी बत्तीस वर्षांची नोकरी मात्र तलाठी याच नावाखाली झाली आणि तीही सगळी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत. डोळखांब, खर्डी, किन्हवली, मग सरळगाव, धसई, टोकावडे. चतुःसीमा लिहिणं हा माझा रोजचा धंदा. पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस सरकारी वन, उत्तरेस अमक्याचा बांध, दक्षिणेस पायवाट. ज्याला हे लिहायची सवय आहे त्याला यहोशवाचा पंधरावा अध्याय कंटाळवाणा कसा वाटेल? ती हद्द मला डोळ्यांपुढं चालताना दिसत होती. त्यात एका चढावाचं नाव आहे अक्रब्बीम. अरबी 'अक़रब' म्हणजे विंचू हे मदरशात शिकलेलं कुठल्या कुठं आठवलं. विंचवांचा चढ! आमच्याकडं माळशेजच्या पायथ्याला किंवा माहुलीच्या रानात असं नाव एखाद्या टेपाला शोभलं असतं. गावांच्या नावांआधी येणारं 'एन' म्हणजे आपलं 'ऐन', झरा. 'बैर' म्हणजे 'बीर', विहीर. त्या सगळ्या यादीत माणसांपेक्षा पाण्याची ठिकाणं जास्त आहेत. कोरड्या मुलखातल्या दप्तराचं असंच असतं.

ग्रंथ हाती आला तो १९९४ च्या पावसाळ्यात. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती, पालघर जिल्हा व्हायला अजून वीस वर्षं होती, त्यामुळं वसईची माणसं आमच्या तालुक्यांत बदलून येत. आमचे सर्कल साहेब तिकडचे. बदली झाली तेव्हा सामान बांधताना त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचं मराठी बायबल माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "तुम्हाला वाचनाची आवड आहे, ठेवा." धर्माबद्दल चकार शब्द नाही. डोळखांबच्या त्या पावसात वीज जाई ती दोन दोन दिवस येत नसे, आणि शेतकरी आवणीत गुंतलेले, सजावर कुणी फिरकत नसे. मी कंदिलाच्या उजेडात वाचायला लागलो. पुढं वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आलं, तेही घेतलं. फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये वारले. आपल्या मराठीत या ग्रंथासाठी किती जणांनी हाडं झिजवली आहेत! पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बसून सगळा ग्रंथ सोप्या मराठीत आणला. १९२२ साली त्या गेल्या आणि त्यांचं भाषांतर पुस्तकरूपानं आलं १९२४ साली.

जुम्म्याच्या नमाजनंतर एकदा एका जाणत्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तौरात आणि इंजील यांत बदल झालेला आहे हे ठाऊक असूनही तू त्यात काय शोधतोस? प्रश्न रास्त होता. मी त्यांना दप्तराचंच उदाहरण दिलं. जुन्या कागदावर खाडाखोड आहे म्हणून आपण तो फेकून देत नाही. अकीदा मला कुरआनकडून मिळाला आहे, तो मी दुसरीकडं शोधत नाही. पण बनी इस्राईलच्या हकिकती सांगायला हरकत नाही, असं हदीसमध्येच आलेलं आहे. त्यांच्या गोष्टींना डोळे मिटून खरं म्हणू नका, खोटंही म्हणू नका, असंही आलेलं आहे. तेवढ्या मोकळीकीत माझं वाचन बसतं. गृहस्थ हसले, पण त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही.

कुठल्याही मुसलमानानं करावी तशी सुरुवात मी हजरत हाजरा यांच्यापासून केली. उत्पत्तीच्या पुस्तकातली हागार आपल्या हाजराबीपेक्षा बरीच वेगळी आहे, सफा-मरवा नाही, जमजम नाही, ती बैर-शेबाच्या रानात भटकते. पण त्याआधीच्या एका प्रसंगात ती रानातल्या एका झऱ्यापाशी बसलेली असताना फरिश्ता येतो आणि ती, एक दासी, आपल्याला पाहणाऱ्या देवाला स्वतः नाव देते. त्यावरून त्या विहिरीचं नाव पडतं, बैर-लहाय-रोई. इथवर पुष्कळांनी वाचलेलं असतं. पुढचं कुणी फारसं लक्षात घेत नाही. अब्राहाम वारतात तेव्हा इसहाक आणि इश्माएल, म्हणजे आपले हजरत इसहाक आणि हजरत इस्माईल, दोघं मिळून बापाला दफन करतात. आणि लगेच पुढं एक छोटी नोंद आहे की इसहाक त्यानंतर त्याच बैर-लहाय-रोईजवळ राहिले. ज्या सावत्र आईला घराबाहेर काढलं गेलं तिच्या विहिरीपाशी. का राहिले, तिथं कुणाला भेटले, ग्रंथ काही सांगत नाही. फेरफारात जशी नुसती नोंद असते, कारण नसतं, तसं.

दफन जिथं झालं ती मकपेलाची गुहा हेब्रोनजवळ. ती विकत घेतल्याचा सबंध एक अध्याय आहे, तोही लोक चाळून पुढं जातात. मला तो पाठ आहे. मालक एफ्रोन जमीन फुकट द्यायला निघतो. अब्राहाम म्हणतात नको, पुरी किंमत घ्या. वेशीत बसलेल्या लोकांसमक्ष चारशे शेकेल चांदी तोलून दिली जाते आणि मग लिहिलं जातं काय काय विकलं: शेत, शेतातली गुहा आणि हद्दीच्या आतली सगळी झाडं. झाडंसुद्धा! बक्षीसपत्र नको, खरेदीखत हवं, साक्षीदार हवेत, झाडांची नोंद हवी. परमुलखातून आलेल्या माणसाला कागदाची किंमत कळते. त्याच जागेवरच्या मशिदीत फेब्रुवारी १९९४ मध्ये, रमजानात, फजरच्या नमाजला उभ्या असलेल्या एकोणतीस जणांना एकानं गोळ्या घातल्या होत्या आणि त्यानंतर ती इमारत मशीद आणि सिनेगॉग अशी आतून वाटली गेली. तो अध्याय मी वाचला तेव्हा बातमीला जेमतेम पाच महिने झाले होते. दोन भावांनी मिळून केलेल्या कबरीवर भिंत आली. जगात वाटणीचे खटले कुठवर जातात याचा हिशेब तलाठ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. मी आपला तीन एकरांकडं वळतो.

पण त्याआधी सलाफहादच्या मुली.

'गणना' या पुस्तकात, नावाप्रमाणेच, शिरगणती आहे. तीही लोक टाळतात. त्या गणतीच्या लगेच मागं एक अर्ज येतो. सलाफहाद नावाचा माणूस रानात वारला. त्याला मुलगा नव्हता, पाच मुली होत्या. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. पाचही नावं पूर्ण दिलेली. आमच्याकडच्या सातबाऱ्यावर बहिणींची नावं यायची ती बहुधा 'इतर हक्क' या रकान्यात, भावाच्या नावाच्या सावलीत. इथं पाच जणी मंडपाच्या दाराशी, मोशे, मुख्य याजक आणि सगळ्या जमातीपुढं उभ्या राहून विचारतात की आमचा बाप कोरहच्या बंडात नव्हता, मग केवळ मुलगा नाही म्हणून त्याचं नाव का पुसलं जावं? कोरह म्हणजे आपला कारून. अर्जात आधी वारसाची पात्रता, मग बापावर काही किटाळ नाही याचा खुलासा, मग मागणी. इतका नेमका अर्ज माझ्या टेबलावर क्वचितच आला. हजरत मूसांकडं त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी प्रकरण वर पाठवलं, आणि निकाल मुलींच्या बाजूनं आला.

गोष्ट इथं संपली असती तर तिला मी आदर्श कथा म्हटलं असतं. पण पुस्तकाच्या अगदी शेवटी जमातीचे पुढारी तक्रार घेऊन येतात. या पोरी बाहेर लग्न करतील, जमीन दुसऱ्यांच्या घरात जाईल. मग अट पडते, लग्न बापाच्याच वंशात करायचं. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. हे वाचताना मला आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांतली कितीतरी नाती आठवली. 'जमीन घरात राहिली' हे वाक्य मी निकाहच्या मांडवात आनंदानं उच्चारलेलं ऐकलं आहे. त्यातही गंमत अशी की निकाल लागून, मूसा जाऊन, नवे पुढारी यहोशवा आल्यावर त्या पाच जणींना पुन्हा त्यांच्यापुढं उभं राहून आठवण करून द्यावी लागते की आमच्याबद्दल हुकूम झालेला आहे. तेव्हा कुठं जमीन मिळते. हुकूम वेगळा आणि अंमल वेगळा. फेरफार मंजूर झाला म्हणजे ताबा मिळाला असं नाही, हे सांगायला मला बत्तीस वर्षांची नोकरी लागली. ग्रंथानं ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी विखरून सांगितलं आहे, म्हणून कुणी जोडून वाचत नाही.

आपल्याकडंही हीच गोष्ट आहे, आणि दुर्दैवानं तिच्याकडंही आपलं तितकंच दुर्लक्ष आहे. हजरत सअद बिन रबीअ उहुदच्या लढाईत शहीद झाले. मागं बायको आणि दोन मुली. सगळी मालमत्ता भावानं ताब्यात घेतली. ती विधवा दोन मुलींना घेऊन रसूलुल्लाह यांच्याकडं गेली आणि विचारलं, मालाशिवाय या मुलींचे निकाह कसे होतील? आधी उत्तर मिळालं की अल्लाह याचा फैसला करील. मग सूरे निसामधली मीरासची आयत उतरली. भावाला बोलावून सांगण्यात आलं: दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझं. म्हणजे फराइजच्या हिशेबानं चोवीस वाटे. सोळा मुलींचे, तीन बायकोचे, पाच भावाचे.

हे आकडे मला इतके तोंडपाठ का आहेत तेही सांगतो. मलाही दोनच मुली आहेत. बायको हयात आहे, अल्लाहची मेहेरबानी. एक धाकटा भाऊ आहे. माझी वारसनोंद आणि सअद बिन रबीअ यांची वारसनोंद एकच.

आमच्या समाजात या आयतीचा आदर मोठा आणि वापर थोडा. निकाहनाम्यापासून तलाकपर्यंत शरीअतचं नाव घेणारे जमिनीशी आले की एकदम गावचा रिवाज सांगू लागतात. कायद्यानंही त्यांना वाट ठेवली. १९३७ च्या शरीअत कायद्यानं मुसलमानांना शरीअत लागू केली, पण कलम दोनमध्ये शेतजमीन कंसात टाकून वगळली. दप्तरात मात्र आम्ही वारस म्हणून मुलींची नावं लावत असू आणि महिन्या-दोन महिन्यांत हक्कसोड येत असे. बहीण कल्याणहून किंवा भिवंडीहून एसटीनं यायची, भाऊ स्टँडवर घ्यायला गेलेला असायचा. बाकावर बसायची, सही करायची किंवा अंगठा उठवायची, चहा घ्यायची. भावजयीनं दिलेली साडी पिशवीत असायची. सही करताना कुणी रडलेली मला आठवत नाही. उलट त्या हसत असत. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून दिलेली ती किंमत आहे, हे त्यांना आणि भावांना दोघांनाही ठाऊक असे. हिंदू असो, मुसलमान असो, ठाकर असो, या एका कागदावर मला धर्माचा फरक दिसला नाही.

मग समृद्धी महामार्ग आला. शहापूर तालुक्यातून तो जातो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, पण जमिनीचे व्यवहार त्याच्या कितीतरी आधी झाले. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, लोक सल्ला विचारायला घरी येत. ज्यांची नावं 'इतर हक्क'मध्ये विसरली गेली होती अशा बहिणींचे फोन नंबर शोधले जाऊ लागले. पस्तीस वर्षांत ज्यांना ईदला बोलावलं नव्हतं त्यांच्याकडं मिठाई गेली. काही बहिणींनी हिस्सा घेतला, दारं बंद झाली. काहींनी सोडला, दारं तरीही बंद झाली, कारण पैसा आल्यावर भावांनी गावच सोडलं.

या सगळ्यात मी आपल्या हिशेबावर निश्चिंत होतो. चोवीस वाटे ठरलेले आहेत, त्यात बदल करायचा मला हक्कही नाही आणि इच्छाही नाही. मुरबाडजवळच्या आमच्या गावी माझ्या हिश्शाचे तीन एकर आहेत, म्हणजे एकशे वीस गुंठे. वाट्याला पाच गुंठे. मुलींचे ऐंशी, बायकोचे पंधरा, भावाचे पंचवीस. इतका सुबक भागाकार नोकरीत कधी आला नव्हता. मी हयातीतच सगळं नक्की करून ठेवावं, असं मनात आलं आणि भावाला बोलावलं.

त्यानं ऐकून घेतलं. भाऊ वाईट नाही. हे मी औपचारिक म्हणून लिहीत नाही. तो म्हणाला, "भाई, हिशेब अगदी बरोबर आहे. वरचं वरकस ऐंशी गुंठे आहे, ते पोरींना. खालची खाचरं चाळीस गुंठे, ती भाभी आणि मी. एक बांधही फोडायला नको."

खरोखरच, वरची जमीन ऐंशी गुंठे भरते आणि खालची चाळीस. वर नाचणी, वरी आणि गवत. खाली भात, आणि दिवाळीनंतर भेंडी, काकडी, वाल. कारण विहीर खाली आहे. फराइजच्या एकाही वाट्याला धक्का न लागता, सोळा म्हणजे सोळाच वाटे देऊन, मुलींना कोरडी जमीन देता येत होती. आयतीनं अपूर्णांक दिले. कुठला तुकडा कुणाला, हे माणसांच्या इन्साफवर सोडलं. आणि तो इन्साफ कागदावर कुठंच तपासला जात नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र बरोबर दिसतं.

तेव्हा मला अखसा आठवली.

त्या यहोशवाच्या पंधराव्या अध्यायात, हद्द संपते आणि गावांची यादी सुरू होते त्याच्या मध्ये, चार ओळींत ती येऊन जाते. कालेब हा मोठा योद्धा. त्यानं एक शहर जिंकणाऱ्याला आपली मुलगी देऊ केली, अथनिएलनं ते जिंकलं, अखसा त्याला दिली. मुलीला विचारलं वगैरे काही नाही, त्या काळचा रिवाज. सासरी निघताना ती नवऱ्याला बापाकडं शेत मागायला सुचवते. मग स्वतःच गाढवावरून खाली उतरते. बाप विचारतो, काय हवं? ती सांगते की तुम्ही मला कोरड्या मुलखात दिलं आहे, तर आता पाण्याचे झरेही द्या. आणि बाप तिला वरचे झरे आणि खालचे झरे, दोन्ही देतो. पुढच्या ओळीपासून पुन्हा गावांची यादी. ही हकिकत 'शास्ते' या पुस्तकात जवळजवळ तशीच पुन्हा आली आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथात ज्याची नक्कल दुसऱ्या दप्तरातही ठेवली ती नोंद कुणाला तरी महत्त्वाची वाटली असणार.

सलाफहादच्या मुलींनी जमीन मागितली. अखसानं जमिनीतलं पाणी मागितलं. शहापूर-मुरबाडच्या माणसाला यातला फरक समजावून सांगायची गरज नाही. १८९२ पासून तानसाचं पाणी मुंबईला जातं. भातसा धरण शहापूर तालुक्यातच, मुंबईला सगळ्यांत जास्त पाणी देणारं. आणि त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात, ठाकर आणि कातकरी बाया दोन दोन हंडे डोक्यावर घेऊन डोंगर चढतात. त्याच यहोशवाच्या पुस्तकात गिबोन गावच्या लोकांना कायमचे लाकूडतोडे आणि पाणके करून ठेवल्याची हकिकत आहे. ती वाचताना मला खर्डीच्या बाजारात मोळ्या घेऊन बसलेली माणसं दिसली. आमच्या तालुक्याचा हिस्सा कुणी बुडवलेला नाही. क्षेत्र बरोबर आहे. फक्त पाणी दुसरीकडं आहे.

माझ्या थोरल्या मुलीनं बायबल कधी उघडलेलं नाही. ती बदलापूरला शाळेत शिकवते. भावाचा प्रस्ताव मी तिला फोनवर सांगितला, माझं मत न देता. तिनं एकच विचारलं, "अब्बा, आणि विहीर कुणाच्यात?"

मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. अखसा गाढवावरून उतरली होती.

पण भावाची बाजूही ग्रंथात आहे, आणि ती लपवली तर मी कसला तलाठी? विहीर आमच्या वालिदांनी खोदली, पण त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी गाळ कुणी काढला? मी पगारावर होतो. तो कमरेएवढ्या चिखलात. मे महिन्यात विहिरीला वीतभर पाणी राहतं, त्यात आणखी दोन घरं शिरली की त्याच्या भेंडीचं काय? त्यानं हे बोलून दाखवलं, चिडून नाही. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाक बापाच्या वेळच्या बुजवलेल्या विहिरी पुन्हा उपसतात. नवी विहीर खणली की तिथले गुराखी भांडायला येतात, पाणी आमचं म्हणून. पहिलीवर भांडण, ती सोडून दुसरी. दुसरीवर भांडण, तीही सोडली. तिसरीवर कुणी भांडलं नाही, म्हणून तिचं नाव ठेवलं रहोबोथ, ऐसपैस जागा. इसहाकला तिसरी विहीर खणायला रान होतं. आमच्या खडकात दुसरी विहीर लागेलच असं नाही, आणि खणायचा खर्च भेंडीतून निघत नाही.

वाटणी आडवी न करता उभी करायची असं मी ठरवलं. वरपासून खालपर्यंत पट्टे, प्रत्येकाला वरकसही आणि खाचरही. यात बांध फोडावे लागतात, मोजणीची फी भरावी लागते आणि भावाच्या दोन तयार खाचरांचे तुकडे होतात. भूकरमापक आला तेव्हा भाऊ दिवसभर त्याच्याबरोबर बांधाबांधावरून फिरला. एक शब्द बोलला नाही. बांध कोरणाऱ्यावर अनुवादाच्या पुस्तकात सगळ्या जमातीनं आमीन म्हणून दिलेला शाप आहे, आणि आपल्याकडं वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास येईल अशी हदीस आहे. मी ती त्या दिवशी मनात पण आणली नाही. त्यानं आजवर माझा बांध कधी कोरला नव्हता.

मुलींच्या नावानं हिबा करायचा म्हणजे ताबा द्यावा लागतो, त्याशिवाय तो पुरा होत नाही. म्हणून पट्ट्यांबरोबर मी विहिरीकडं जाण्यायेण्याचा रस्ता आणि पाण्याची पाळी, दोन्ही कागदात घातली. पाळीची कल्पना मला बायबलमधून सुचली नाही. ती कुरआनमधली आहे. हजरत सालेह यांच्या उंटिणीला पाणी प्यायचा एक दिवस आणि कौमला एक दिवस. मुक्या जनावरालाही पाळी होती. आठवड्याचे सात दिवस मी असे लावले: तीन दिवस भावाचे, दोन दोन दिवस मुलींचे. बायकोचा हिस्सा माझ्यामागं नक्की होईल, तोवर तिचं पाणी भावाच्या दिवसांत. भावाचे दिवस त्याच्या वाट्याहून जास्त आहेत हे मला समजतं. गाळाचे धरा, असं मी मुलींना सांगितलं. धाकटीनं मान्य केलं. थोरलीनं विचारलं, मग पुढचा गाळ कुणी काढायचा?

तिचा प्रश्न मी भावाला पोचवला. तो म्हणाला, तिलाच येऊन बोलू दे. गेल्या रविवारी ती आली. काका-पुतणी दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून तासभर बोलत होते. मी घरात होतो, मला ऐकू आलं नाही. जाताना तिनं सांगितलं की एप्रिलमध्ये गाळ निघेल, मजुरी तिघांत, आणि मोटारीचं वीजबिल अजून ठरायचं आहे, कारण मीटर चाचांच्या नावावर आहे आणि ते नाव बदलायला तयार नाहीत.